पंजाबी लग्नाचा गोंधळ

आपल्या इकडे लग्नकार्य यथासांग पार पडलें म्हणजे कुलदैवताचा गोंधळ घालण्याची चाल पुष्कळ घराण्यांत आहे. चौक मांडावयाचा, दिवटी पाजळावयाची आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीनें सारी रात्र जागवावयाची. ज्याला या विधीची ओळख नाहीं त्याला ती नुसती आरडाओरड वाटावी. आणि म्हणूनच कीं काय, त्या शब्दाला मराठींत अव्यवस्था हा दुसरा अर्थ येऊन चिकटला. पंजाबांतील लग्नाविषयीं लिहावयास बसतांना आम्हांस हा शब्द आठवला तो त्याच्या दोन्ही अर्थांनीं.

पंजाबी लग्न म्हटलें कीं आमच्या मध्यमवर्गीय वाचकांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें बहुधा रुपेरी पडद्यावरून आलेलें असतें. ढोल वाजत आहे, नवरदेवाची घोडी बुजत आहे, वरातीपुढें पोक्त वयाचे काका-मामा लाज सोडून नाचत आहेत, आणि कोणाचा पायपोस कोणाच्या पायांत नाहीं! (नवरदेवाचा तर खरोखरच नसतो, त्याच्या जुत्या मेहुण्यांनीं पळविलेल्या असतात.) हें चित्र अगदींच खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र त्या गलबल्याच्या मुळाशीं एक फार जुनी आणि फार काटेकोर हिशेबवही आहे, ती सहसा कोणी उघडून पाहत नाहीं. येथें ती थोडी चाळावी असा आमचा विचार आहे.

आरंभ अटारीपासून करूं. अमृतसर आणि लाहोर यांच्या साधारण मध्यावर हें गांव आहे. येथील सरदार शामसिंग याची मुलगी नानकी आणि महाराजा रणजितसिंहाचा नातू नौनिहालसिंग यांचा विवाह मार्च १८३७ मध्यें या गांवीं झाला. रणजितसिंह मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. यशवंतराव होळकर लेकच्या पाठलागाला तोंड देत इ. स. १८०५ मध्यें अमृतसरापर्यंत गेले, तेव्हां ज्यानें त्यांचा सत्कार केला पण साह्य कांहीं केलें नाहीं, तोच हा धोरणी पुरुष. १८३७ सालीं तो म्हातारा दिसूं लागला होता. एक डोळा देवीनें बाळपणींच नेलेला, अंगावरून वारें गेलेलें, वाचा अडखळणारी. पोशाख मात्र दरबारांतल्या कोणत्याही सरदारापेक्षां साधा. नातवाच्या लग्नांत या माणसानें जी हौस केली तिला तोड नाहीं.

हिंदुस्थानांतील इंग्रजांचे मुख्य सेनापति सर हेन्री फेन हे या लग्नाचे खास पाहुणे होते, आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण नातलगानें पुढें प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत या सोहळ्याचें वर्णन आहे. महाराजांचा वृत्तलेखक सोहनलाल सूरी यानेंही फारसींत या समारंभाची नोंद ठेवली. नवरदेवाच्या मस्तकावर मोत्यांचा सेहरा होता. हत्तींची रांग लागलेली, आणि अंबारींतून नाण्यांची उधळण चाललेली. गोरगरिबांना एका विस्तीर्ण आवारांत घेऊन बाहेर पडण्याच्या वाटांवर प्रत्येकाच्या हातावर एकेक रुपया ठेवण्यांत आला. शामसिंगानें मुलीला काय दिलें याची यादी जुन्या वृत्तांतांतून सांपडते: अकरा हत्ती, एकशें एक घोडे, एकशें एक उंट, आणि पुढें शाली, जवाहीर वगैरे. या यादींतल्या आंकड्यांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. दहा नव्हे, अकरा. शंभर नव्हे, एकशें एक. या वरच्या एकाची गोष्ट पुढें यावयाची आहे.

लग्नानंतर पाहुण्यांना लाहोरास नेण्यांत आलें, आणि तेथें होळी आली. महाराजांनीं स्वतःच्या हातानें सेनापतींच्या टकलावर केशरी रंग ओतला आणि मुख्य प्रधान राजा ध्यानसिंग यानें त्यावर गुलालांत मिसळलेला सोन्यारुप्याचा वर्ख चोळला! त्या धुमाकुळांत एक अफगाण वकील सांपडला, त्या बिचाऱ्याची दाढी आणि अब्रू दोन्ही रंगून निघालीं.

येथपर्यंत सारा आनंद. परंतु या मांडवांत निरनिराळे लोक निरनिराळ्या गोष्टी मोजीत होते. नातलग ‘तंबोल’ म्हणजे आहेर आणीत होते आणि कारकून ते टिपून घेत होते. सेनापतींनींही रीतीप्रमाणें आपला तंबोल दिला. मात्र पाहुण्यांची स्वतःची टिपणें वेगळीं होतीं. जोसेफ डेव्ही कनिंगहॅम हा १८४९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिखांच्या इतिहासांत सांगतो कीं, पंजाब पूर्णपणें जिंकावयास किती सैन्य लागेल याचा अंदाज सर हेन्री फेन यांनीं या भेटींतच बांधला, आणि त्यांच्याबरोबरच्या कर्नल गार्डननें त्या प्रदेशाचा तपशीलवार नकाशा तयार केला. वऱ्हाडी म्हणून आले आणि घराची मोजमापें घेऊन गेले. शिवाय पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून पेशावरकडील फौज लाहोरकडे ओढून घेतली होती, असें इतिहासकार सांगतात. ती उणीव हेरून अफगाणांनीं जमरूदच्या किल्ल्यावर चाल केली आणि ३० एप्रिल १८३७ रोजीं हरिसिंग नलवा तेथें पडला. ढोल थांबून दोन महिनेही झाले नव्हते.

राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी, सामान्य घरांत असें काय असणार, असें कोणी म्हणेल. सामान्य घरांतील व्यवस्था तर याहून नाजूक असे. खेड्यांत लग्नाचा खरा सूत्रधार न्हावी. सोयरिकीचा निरोप त्यानें न्यावयाचा, गूळ घेऊन आमंत्रणाला गांवोगांव त्यानें फिरावयाचें, आणि कोणत्या चुलत-चुलत्याला पहिलें बोलावणें गेलें नाहीं तर तो रुसून बसेल हें त्यानेंच लक्षांत ठेवावयाचें. त्याची बायको नाईण आंतल्या घराची कारभारीण. कुंभार, सुतार, पाणी भरणारा झिंवर, प्रत्येकाचा ‘लाग’ ठरलेला. म्हणून या मंडळींना ‘लागी’ म्हणत. मिरासी हे बहुतेक मुसलमान. पण हिंदु, शीख, मुसलमान अशा सर्व यजमानांच्या वंशावळी त्यांना तोंडपाठ. भर मांडवांत मिरासी उभा राहून सात-आठ पिढ्यांचीं नांवें खणखणीत आवाजांत म्हणूं लागला म्हणजे यजमानाचा हात खिशाकडे जाई. एखाद्या कंजूष यजमानाची तो अशी कांहीं नक्कल करी कीं त्यापेक्षां पैसे दिलेले बरे. आमच्या भाटांत आणि बहुरूप्यांत जी विद्या वांटली गेली ती त्या एका माणसांत एकवटलेली होती.

नवरामुलगा वा नवरीमुलगी यांचें आजोळ म्हणजे ‘नानके’. ही मंडळी गांवाच्या वेशीपासून गात येत. नवरीचा हस्तिदंती चुडा मामानें आणावयाचा; आजोळच्या या साऱ्या देण्याला स्वतंत्र नांव आहे, ‘नानकी छक’. आदल्या रात्रीं आजोळच्या बायका दिवे लावलेली घागर डोक्यावर घेऊन ‘जागो’ काढीत आणि गल्लींतल्या झोंपलेल्या लोकांना उठवीत. नवरीच्या घरीं ‘सुहाग’ गावयाचे, नवऱ्याच्या घरीं ‘घोड्या’. एकीकडचें गाणें दुसरीकडे चालत नाहीं. घोडीच्या आयाळीला वेणी घालण्याचा आणि लगाम धरण्याचा मान बहिणीचा, नवऱ्याच्या डोळ्यांत सुरमा घालण्याचा वहिनीचा, त्याच्याबरोबर घोडीवर बसण्याचा ‘सरबाला’ या लहानग्या सोबत्याचा. ज्याला आपण गोंधळ म्हणतों त्यांतला जवळजवळ प्रत्येक आवाज कोणाच्या तरी हक्काचा असतो.

दोन चालींचा उल्लेख केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. एक ‘सिठणियां’. वरात जेवावयास बसली कीं नवरीकडील स्त्रिया गच्चीवरून व्याह्याला, विहिणीला, वराच्या मामाला गाण्यांतून शिव्या देऊं लागत, आणि त्या कांहीं सौम्य नव्हेत. एरवीं ज्या पुरुषांसमोर या स्त्रिया पदर वर करीत नसत त्यांच्याच सात पिढ्यांचा उद्धार त्या दिवशीं होई आणि पुरुषांनीं हंसत जेवावें हा नियम. दुसरी चाल ‘जंज बन्हणें’, म्हणजे वरात ‘बांधणें’. मुलींनीं गाण्यांतून एकेक पदार्थाचें नांव घेऊन तें अन्न बांधून टाकावयाचें. मग वराकडील एखाद्या कवीनें उठून तितक्याच तयारीच्या कवनानें तें सोडवावें, तोपर्यंत कोणीं घांस उचलावयाचा नाहीं. हें सोडवणुकीचें काव्य ‘पत्तल’ या नांवानें पंजाबी वाङ्मयांत एक स्वतंत्र प्रकार होऊन बसलें आहे. आपल्या पंगतींत नांव घेण्यासाठीं नवरीला अडवितात. तेथें कवित्वाखेरीज सबंध पंगतच अडून राही.

याच प्रकारच्या थट्टेंतून एक तीर्थ निर्माण झालें आहे. बटाला येथें गुरु नानकदेवांचा विवाह परंपरेनें १४८७ सालीं झाला असें मानतात. वरात ज्या मातीच्या भिंतीजवळ थांबली ती पडावयास झाली आहे असें एका म्हातारीनें सांगितलें. नवरदेव म्हणाले, ती इतक्यांत पडावयाची नाहीं. ती भिंत आज गुरुद्वाऱ्यांत जपून ठेविलेली आहे, आणि दरवर्षीं भाद्रपदाच्या सुमारास सुलतानपूर लोधीहून बटाल्यास मिरवणूक जाते तिचें नांवच ‘बाबांचें लग्न’.

आतां वरच्या एका रुपयाकडे वळूं. पंजाबांत लग्नघरीं कोपऱ्यांत एक गृहस्थ वही घेऊन बसत. हा ‘निउंदरा’. शब्द निमंत्रणाचाच भाऊबंद. व्यवहार आपल्या आहेरासारखा, पण त्याहून बांधीव. तुमच्या मुलीच्या लग्नांत मीं सात रुपये दिले असतील तर माझ्या मुलाच्या लग्नांत तुम्हीं सातांहून कांहीं अधिक आणावे. अधिक कां? तर सातच परत केले म्हणजे हिशेब मिटला, आणि हिशेब मिटला म्हणजे संबंध मिटला. वरचे जे एक-दोन रुपये ते नवें ऋण. झेकिये एग्लर या विदुषीनें पाकिस्तानी पंजाबांतील एका खेड्यांत राहून या देवघेवीवर १९६० मध्यें पुस्तक लिहिलें. तिच्या लक्षांत हेंच आलें कीं या लोकांना फेड नको असते, बाकी हवी असते. एकशें एकांतला एक तो हा. आपण एकशें एकाचा आहेर शुभ म्हणून देतों आणि विसरून जातों. तेथें तो एक रुपया पिढ्यान्‌पिढ्या इकडून तिकडे जात राही. न्हाव्याला निमंत्रितांची यादी पाठ असावी लागे ती त्यामुळेंच. एखादा पाहुणा विसरणें म्हणजे एक खातें बुडणें.

इंग्रज अधिकाऱ्यांना या वहीची एकच बाजू दिसली. माल्कम डार्लिंग हा सहकारी खात्यांतील विचारी अधिकारी. त्यानें १९२५ सालीं पंजाबी शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर जो ग्रंथ लिहिला त्यांत लग्नखर्चाला मोठें स्थान आहे, आणि तो खोटें लिहीत नव्हता. जमीन गहाण टाकून ढोल वाजविणारे बाप होतेच. निउंदऱ्यानें गरीब माणसाला ऐन कार्याच्या वेळीं बिनव्याजी भांडवल उभें करून दिलें हें खरें. पण ज्याला मुलीच अनेक आणि हुंड्याची रीत जबर, त्याला वही तारूं शकली नाहीं. सावकाराची वही दुसरी होती. पंजाबांत मुलगी नकोशी होण्याचा जो दीर्घ आणि लज्जास्पद इतिहास आहे त्याचा एक धागा या मांडवाच्या खांबाला बांधलेला आहे, हें आम्हीं दडवून ठेवणें बरें नव्हे.

सुधारकांनीं या गलबल्यावर हत्यार उपसलें तेंही सांगितलें पाहिजे. आर्यसमाज आणि सिंगसभा यांचें एरवीं फारसें पटत नसे. पण बायकांनीं सिठणियां गाऊं नयेत यावर दोघांचें एकमत होतें. शिखांच्या आनंद विवाहपद्धतीला १९०९ च्या कायद्यानें मान्यता मिळाली आणि विधि आटोपशीर झाला, हें चांगलेंच झालें. शिव्यांच्या गाण्यांबद्दल मात्र आमचें मत थोडें निराळें आहे. ज्या स्त्रीला वर्षभर तोंड उघडण्याची मुभा नाहीं तिला एक दिवस तरी व्याह्याला त्याच्या तोंडावर कंजूष म्हणतां येत असे. तो दिवस काढून घेणाऱ्यांनीं उरलेल्या तीनशें चौसष्ट दिवसांत तिला काय दिलें, हें कोणीं विचारलें नाहीं.

आणि ज्या एका मुलीसाठीं हा सारा थाट, ती? वारिस शाहच्या ‘हीर’ या काव्यांत, जें १७६६ चें समजतात, पंजाबी लग्नाचें अत्यंत भरगच्च वर्णन आहे: मिठाया, दागिने, दारूकाम, वराती, कशाला म्हणून उणें नाहीं. परंतु तें लग्न हीरच्या इच्छेविरुद्ध, सैदा खेड्याशीं लावलेलें आहे. काजी विचारतो आणि ती नाहीं म्हणते. वाजंत्री वाजतच राहते. पंजाबच्या सर्वांत लाडक्या कवीनें आनंदाची एवढी मोठी यादी केली ती एका मुलीचा नकार बुडविण्यासाठीं किती आवाज लागतो तें दाखविण्यासाठीं केली कीं काय, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

नानकीला कोणीं विचारलें होतें कीं नाहीं याची नोंद कोणत्याही वहींत असण्याचा संभव नाहीं. तिच्या लग्नानंतर सव्वादोन वर्षांनीं, २७ जून १८३९ रोजीं, रणजितसिंह वारला. ५ नोव्हेंबर १८४० रोजीं नौनिहालसिंग आपल्या बापाला अग्नि देऊन परततांना वेशीच्या कमानीचा भाग अंगावर कोसळून ठार झाला. अकरा हत्ती घेऊन आलेली नानकी विधवा झाली. शामसिंग १० फेब्रुवारी १८४६ रोजीं सोब्रांवच्या लढाईंत शुभ्र वस्त्रें नेसून इंग्रजांवर चालून गेला आणि पडला. तीन वर्षांनीं पंजाब खालसा झाला. ज्या इंग्रजांशीं तो लढला त्यांचा सेनापति त्याच्याच दारीं वऱ्हाडी होऊन जेवून गेला होता.

१९४७ मध्यें अटारीच्या पश्चिमेस अगदीं हाकेच्या अंतरावरून सरहद्द गेली. लाहोर आणि अमृतसर यांच्यामध्यें ज्या रस्त्यानें हत्ती चालले तो रस्ता तारांच्या कुंपणाशीं संपूं लागला. आजचे लोक अटारीला जातात ते संध्याकाळीं सैनिकांची कवाईत पाहावयास. त्या फाळणींत माणसें किती मेलीं आणि किती उखडलीं हें पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्ही फक्त लग्नघरापुरतें बोलतों. मिरासी तिकडे गेले आणि ज्यांच्या वंशावळी त्यांना पाठ होत्या ते शीख आणि हिंदु इकडे राहिले किंवा इकडे आले. ज्या न्हाव्याला सोयरेधायरे ठाऊक तो एका छावणींत, यजमान दुसऱ्या. निउंदऱ्याच्या वह्या बहुधा घरांतच राहून गेल्या. जीव घेऊन पळतांना दागिने घेतात, कोणीं कोणाला सात रुपये दिले याचा कागद घेत नाहींत. देणेंकरी आणि घेणेंकरी दोघेही एका रात्रींत मोकळे झाले. मोकळे होणें म्हणजे तुटणें, हें वर आलेंच आहे.

दिल्लींत, अंबाल्यास, मुंबईंत या मंडळींनीं पुन्हां मांडव घातले ते आधींपेक्षां मोठे. निर्वासितांना एवढी हौस कशाला, असें त्या वेळीं आमच्याकडील कित्येकांनीं नाक मुरडून विचारलें होतें. पुढें चित्रपटांनीं ती हौस साऱ्या देशाला लावली. २००१ मध्यें मीरा नायर यांचा दिल्लींतील पंजाबी लग्नावरचा चित्रपट व्हेनिस येथें सुवर्णसिंह मिळवून आला, आणि आतां पुण्यासातारच्या लग्नांतही आदल्या दिवशीं ‘संगीत’ असतें. तेथें नाच बसविणारा भाड्यानें आणतात, कारण कोणतें गाणें कोणाच्या हक्काचें हें आपल्याला ठाऊक नाहीं. उसना गोंधळ घ्यावयाचा तर त्याचा चौकही मागून घ्यावयास हवा होता.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मुंबईस शीव-कोळीवाड्याच्या पंजाबी वस्तींत एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नास आम्ही गेलों होतों. दोन चाळींमधल्या जागेंत मांडव, ढोल इतका जवळ कीं शेजारच्याचें बोलणें ऐकूं येत नव्हतें, मुलें पायांत येत होतीं, आणि एक वयस्क आत्याबाई कोणत्या तरी काकांवर रागावून खुर्ची उलटी करून बसल्या होत्या. आहेराचें पाकीट कोणाकडे द्यावें म्हणून विचारलें तेव्हां कोणीं तरी आम्हांस कोपऱ्यांत नेलें. तेथें फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ शाळकरी मुलाची एकरेघी वही मांडीवर घेऊन बसले होते. वहींत नांव, गांव आणि रक्कम असे तीन रकाने होते. गांवाच्या रकान्यांत आम्हांस वाचतां आलें तेवढें सारें सरहद्दीपलीकडचें: गुजरांवाला, लायलपूर, शेखूपुरा. राहणारे सगळे मुंबईचे. पण वहींत मुंबई नव्हती.

आम्हीं एकशें एक रुपये दिले. त्यांनीं ते मोजून घेतले, वरचा रुपया निराळा करून पाहिला आणि आमचें गांव विचारलें. आम्हीं वाई सांगितलें. ढोलामुळें त्यांना ऐकूं गेलें नाहीं. त्यांनीं कानाशीं हात नेऊन पुन्हां विचारलें, आम्हीं पुन्हां मोठ्यानें सांगितलें, आणि मग त्यांनीं शेखूपुऱ्याच्या खालीं गुरुमुखी अक्षरांत सावकाश ‘वाई’ असें लिहिलें.